नमुन्याचा कोट

इराने ते सांगितलं तेव्हा ज्ञानेश्वर चहा गाळत होता, आणि तिचं सांगून झाल्यावरही तो गाळतच राहिला. कप भरला, चहा बशीत उतरला, बशीतून ओट्यावर आला. शेवटी इरानेच पातेलं त्याच्या हातातून काढून घेतलं. 'बाबा, ऐकलंस ना? मला वरुणशी लग्न नाही करायचं. आय कान्ट.' ऐकलं होतं. शब्द कानात शिरून जागच्या जागी बसले होते, त्यांचा अर्थही लागत होता. फक्त त्यानंतर माणसाच्या आत जे काही व्हायला हवं ते होत नव्हतं. अशा वेळी बापाच्या पोटात गोळा येतो म्हणतात. त्याने जरा वाट पाहिली. गोळा आला नाही. मग बापाने विचारायला हवं ते त्याने विचारलं, 'दुसरं कुणी आहे का?' इरा म्हणाली, 'नोबडी रे. तो चांगला आहे. खूप चांगला आहे. पण मला काही होतच नाही, बाबा. तो हसतो, माझा हात धरतो, आणि मी आतून नुसती बसलेली असते. लाइक नथिंग. तुला कळतं ना?' हे शेवटचं तिने ज्या खात्रीने म्हटलं, त्याने तो पहिल्यांदा थोडा हलला. इतकी वर्षं आपण नीट झाकून ठेवलंय असं ज्याबद्दल त्याला वाटत होतं, ते पोरीला केव्हाचं दिसत असावं. ओटा पुसता पुसता ती म्हणाली, 'मी तीनदा ट्राय केलं. तो असा बघतो ना माझ्याकडे, मग नाही बोलवत. आज तू भेटणारच आहेस त्याला. तू सांग ना. प्लीज लाह.' हा 'लाह' तिला सिंगापूरने लावलेला. ज्ञानेश्वर म्हणाला, 'बरं.'

हा 'बरं' त्याच्या जिभेवर कायम तयार असे. सिंगापूरच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा तो 'बरं' म्हणाला होता, ऑफिसात लोकांनी त्याचं 'मिस्टर डॅन' करून टाकलं तेव्हाही मनातल्या मनात 'बरं'च म्हणाला होता, आणि त्या एका शब्दावर त्याने या बेटावर चोवीस वर्षं काढली होती. आज मात्र तो कशाला 'बरं' म्हणाला हे त्याला आंघोळ करताना उमगलं. आज शनिवार. अकरा वाजता पाया लेबारच्या शिंप्याकडे वरुणचा सूट ठरवायचा होता. सीमांतपूजनाला जावयाला कपडे द्यायचे ते मुलीच्या बापाने, आणि ते त्याने स्वतः सोबत जाऊन, कापडाला हात लावून घ्यायचे, हा नीताच्या माहेरचा रिवाज. नीता हॉलचं बघायला पुण्याला गेलेली. फोनवरून तिने चार वेळा बजावलं होतं. लग्न पुण्यात असलं तरी रिसेप्शन इथे होणार होतं आणि इथल्या पद्धतीप्रमाणे वरुणच्या मागे त्याचे तीन दोस्त एकसारख्या कपड्यांत उभे राहणार होते. इथे त्यांना 'ब्रदर्स' म्हणतात. नीता म्हणाली, 'मग त्यांचेही आपल्याकडूनच. मान करायचा तर अर्धवट करायचा नाही, अहो.' ज्या माणसाने जन्मात स्वतःचा टाय स्वतः निवडला नव्हता, त्याने असे चार तरुण नखशिखांत सजवायचे होते. लग्नाला अडीच महिने होते, आणि नवरीने सकाळी आठ वाजता नाही म्हणून सांगितलं होतं.

पासिर रिसहून पाया लेबार सातवं स्टेशन. सिमेईपर्यंत त्याने एक वाक्य जुळवलं, बेडोकला ते खोडलं. फोनवर लिहून पाठवावं म्हणून 'वरुण, जरा बोलायचं होतं' इतकं टाइप केलं. पुढे काय लिहावं सुचेना, म्हणून तेही पुसलं. समोर एक म्हातारी चिनी बाई भाजीची ढकलगाडी पायात धरून डुलक्या घेत होती. तिच्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलं की सांगायची घाई काय आहे? इराला सर्दी झालीय, रात्रभर झोप नसेल. संध्याकाळपर्यंत तिचं तिलाच वेगळं वाटेल. काहीच होत नाही म्हणून कुणी लग्न मोडतं का? त्यालाही काही झालं नव्हतं. तरी सगळं पार पडलंच की. हा विचार आल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की युनोसला तो चुकून उतरणारच होता.

नव्या मॉलच्या मागे अजून एक जुनी इमारत उरलेली होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मनोहरचं दुकान होतं. मनोहर सिंधी, सत्तरीचा, गळ्यात टेप आणि ओठांत दोन टाचण्या. वरुण आधीच पोचला होता. ज्ञानेश्वरला बघताच तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं. सोबत त्याचे तिघे होते: अमेय, डोंबिवलीपासूनचा मित्र, वेई जिए, त्याच्या टीममधला, आणि फरहान, ज्याच्यासोबत तो दर गुरुवारी बॅडमिंटन खेळे. मनोहरने ज्ञानेश्वरला खालपासून वरपर्यंत मापलं आणि विचारलं, 'लड़के के पिताजी?' वरुण हसून म्हणाला, 'नहीं अंकल, ससुरजी.' तो शब्द बोलताना त्याचे कान लाल झाले. एकतीस वर्षांचा पोरगा, तीन देशांतले सर्व्हर सांभाळतो, आणि 'ससुरजी' म्हणताना लाजतो. सांगायचं तर आत्ताच, असं ज्ञानेश्वरच्या मनात आलं. तेवढ्यात फरहानने त्याच्या हातात बार्लीच्या गार पाण्याचा ग्लास दिला आणि ती वेळ गेली.

मग कापडं निघाली. मनोहर ताग्यामागून तागा टेबलावर आपटून उलगडत होता. दर ताग्याबरोबर कोऱ्या लोकरीचा तो कोरडा वास उठत होता, आणि त्या वासाने ज्ञानेश्वर सरळ लक्ष्मी रोडवर जाऊन पडला. चौऱ्याण्णव साल. नीताचे वडील गल्ल्यापाशी पाय दुमडून बसलेले, दुकानदाराला सांगतायत, जावई आहेत, जरा वरचं दाखवा. सत्तावीस वर्षांचा ज्ञानेश्वर दोन्ही हात बाजूला पसरून उभा. शिंपी त्याच्या छातीभोवती टेप फिरवतोय आणि तो मनाशी म्हणतोय, टेप निघाली की सांगायचं. काय सांगायचं ते अगदी लख्ख होतं: मला हे लग्न नको. कारण मात्र काही नव्हतं. दुसरी कुणी नव्हती, नीतात खोट नव्हती, हुंडाबिंडा नव्हता. कारण असतं तर त्याने सांगितलंही असतं. बिनकारणाचं तोंडातून निघेना. छातीची टेप निघाली ती कमरेला लागली, कमरेची निघाली ती बाहीला. सगळ्या टेपा निघाल्या, सासऱ्यांनी पाठीवर हात ठेवून 'उसाचा रस घेणार ना?' म्हणून विचारलं, आणि तो 'बरं' म्हणाला.

'काका, निळा की करडा?' वरुण त्याच्यापुढे दोन तागे धरून उभा होता. 'इराला काय आवडेल हो? ती म्हणते, तू काहीही घाल. पण तसं नसतं ना.' ज्ञानेश्वरने दोन्ही कापडांवरून हात फिरवला. आपल्या मुलीला कुठला रंग आवडतो हे आपल्याला ठाऊक नाही, एवढंच त्याला कळलं. त्याचंही दुःख वगैरे झालं नाही, नोंद झाली. निळा तागा उजव्या हाताशी होता. 'निळा,' तो म्हणाला. 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' वरुण अमेयला म्हणाला. तिघांसाठी राखाडी जाकिटं ठरली. वेई जिएला फेटा हवा होता. अमेय त्याला समजावत होता की फेटा पुण्याच्या लग्नात, इथे नाही. 'आय फ्लाय टु पुणे ऑलरेडी बुक्ड लाह,' वेई जिए म्हणाला, 'सो आय वेअर बोथ प्लेसेस कॅन ऑर नॉट?' सगळे हसले. ज्ञानेश्वरही हसला. गालांची हालचाल त्याला बरोबर जमली.

खिशात फोन थरथरला. इराचा मेसेज: 'सांगितलंस?' त्याने लिहिलं, 'अजून नाही.' फोन पुन्हा खिशात टाकला. आता तो एका वेगळ्याच कामाला लागला. तो वरुणकडे निरखून बघू लागला. मनोहर माप घेत होता, आकडे हिंदीत म्हणत होता, आणि वरुण हात पसरून उभा होता. ज्ञानेश्वर त्याच्या चेहऱ्यावर तो जुना भाव शोधत होता, टेप निघाली की सांगायचं असा. तो सापडला असता तर किती सोपं झालं असतं. दोघांनाही नको असेल तर कुणाचं काय जातं? त्याने डोळे पाहिले, जबडा पाहिला, बोटं पाहिली. पोरगा नुसता खूष होता. माप देताना पोट आत ओढत होता आणि फरहानने ते पकडलं म्हणून चिडवून घेत होता. ज्ञानेश्वरने खूप शोधलं, पण तिथे त्याच्यासारखं कुणी उभं नव्हतं.

मनोहरने मग आतून एक नमुन्याचा कोट आणला. कापायच्या आधी गिऱ्हाइकाच्या अंगावर जवळच्या मापाचा तयार कोट चढवायचा आणि जिथे कमीजास्त असेल तिथे टाचून बघायचं, अशी त्याची जुनी रीत. वरुणच्या अंगावर कोट चढला. खांद्यात, कमरेत, दोन्ही बाह्यांना मनोहर टाचण्या मारत गेला आणि तोंडातल्या टाचण्या सांभाळत विचारत गेला, खिसे किती, बटणं दोन की तीन, मागे चीर एक की दोन. वरुण म्हणाला, 'अंकल, अंदर की तरफ़ एक छोटा पॉकेट चाहिए. इतना.' त्याने बोटांनी माप दाखवलं. मनोहर म्हणाला, 'मोबाइल के लिए?' 'नहीं, इनहेलर के लिए. इरा का. वो भूल जाती है.' आणि ज्ञानेश्वरकडे वळून, जणू काही माफी मागत, म्हणाला, 'काका, गर्दी झाली की तिला धाप लागते ना. रिसेप्शनला साडी असणार, पर्स कुठेतरी राहणार. माझ्याकडे एक असलेला बरा. माझ्या सगळ्या पँटींत असतोच.'

ज्ञानेश्वर खुर्चीत होता तसाच बसून राहिला. पंखा त्याच्या तोंडावर वारा टाकत होता. नीताच्या पर्समध्ये तीस वर्षं त्याचा जादाचा चष्मा असतो. तो कधी कुणी मागितला नव्हता, कधी कुणी त्याबद्दल बोललं नव्हतं. तो विसरे, ती काढून देई, तो लावे. दोन-तीन वर्षांपूर्वी पासिर रिस पार्कमध्ये संध्याकाळचे चालत असताना नीता एकदम थांबली होती. समुद्रात मालाची जहाजं रांगेत उभी होती. तिने विचारलं होतं, 'तुम्हाला कधी काही वाटतं का हो?' रागाने नाही, रडत नाही; भाजी आणायची का, अशा आवाजात. तो म्हणाला होता, 'वाटतं की.' 'काय वाटतं?' त्याने शोधलं होतं, मनापासून शोधलं होतं, आणि काही हाती लागलं नव्हतं. नीता म्हणाली, 'चला, अंधार पडतोय.' पुन्हा तिने ते कधी विचारलं नाही. सगळं पार पडलं, असं तो आज गाडीत मनाशी म्हणाला होता. त्याचं पार पडलं होतं. नीताचं काय झालं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं, आणि सकाळपासून तो या दुकानातही चुकीच्या जागी बघत होता. समोर हात पसरून, अंगभर टाचण्या लावून घेऊन, खिशाचं माप दाखवत जी उभी होती ती नीता होती. आज तो गप्प राहिला तर तीस वर्षांनी कुठल्यातरी समुद्राकाठी हा पोरगा थांबणार होता आणि इराला अगदी साध्या आवाजात तेच विचारणार होता. ज्ञानेश्वरला भीती वाटली. खरीखुरी. इतक्या वर्षांनी आलेली ती त्याला चटकन ओळखूही आली नाही.

'तो भाईसाब, कपड़ा काट दूँ?' मनोहरने निळ्या ताग्यावर खडूची रेघ ओढली होती आणि मोठी कात्री उचलली होती. विचारत तो ज्ञानेश्वरला होता, पैसे देणारा तोच. 'ठहरिए,' ज्ञानेश्वर म्हणाला. पण तोवर भलतंच सुरू झालं होतं. वरुण आरशापुढून वळला होता आणि जपून पावलं टाकत त्याच्याकडे येत होता. 'टाचलेला असला तरी तुम्ही घेतलेला पहिला कोट आहे, काका,' असं म्हणून तो वाकला. नवा कपडा अंगावर चढला की मोठ्यांना नमस्कार करायचा, हे त्याच्या आईने त्याच्या अंगी इतकं मुरवलेलं की नमुन्याच्या कोटालाही त्याने सूट दिली नाही. अमेयने बाकी दोघांना कोपराने ढोसलं, 'चलो, चलो, लाइन में. न्यू क्लोद्स, टच फीट.' ते दोघे वरुणच्या मागे शहाण्यासारखे उभे राहिले. वेई जिएने हळूच विचारलं, 'बोथ हँड्स, आ?' वरुणचे दोन्ही हात ज्ञानेश्वरच्या पायांवर टेकले होते. आता आशीर्वाद द्यायचा होता. सुखी राहा, नांदा सौख्यभरे, जे शेकडो लग्नांत त्याने तांदळासारखं उधळलं होतं, त्यातलं काहीही चाललं असतं. तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडलं असतं.

'वरुण,' तो म्हणाला, 'इराला हे लग्न करायचं नाहीये.'

वरुण वाकलेलाच राहिला. आधी ज्ञानेश्वरला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग पायांवरचे हात गार पडत चाललेले त्याला चपलेच्या पट्ट्यांतून कळले. अमेयला समजलं होतं, त्याचं तोंड उघडं राहिलं. वेई जिए आणि फरहानला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आपली पाळी यायची वाट बघत होते. वरुण सावकाश उठला. 'कधी म्हणाली?' 'सकाळी.' 'किती वाजता?' 'आठ.' वरुणने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता. तो हिशेब त्याच्या चेहऱ्यावर होताना ज्ञानेश्वरने पाहिला आणि नजर खाली घातली नाही. 'दुसरं कुणी?' 'नाही. तुझ्यात काही कमी नाही, असंच ती म्हणाली. तिला... तिच्या आत काही होत नाही. ते तिने माझ्याकडून घेतलंय, वरुण. पण ती ते बोलली. मला बोलता आलं नव्हतं.' वरुणला यातलं किती समजलं कुणास ठाऊक. तो 'एक्स्क्यूज मी' म्हणाला, इंग्रजीत, अगदी ऑफिसातल्या आवाजात, आणि कपडे बदलायच्या खोलीत गेला. पडदा सरकल्याचा आवाज झाला. मनोहरने कात्री न विचारता खाली ठेवली.

बाहेर अमेय दोघांना कोपऱ्यात नेऊन दबक्या आवाजात सांगू लागला. फरहानने कपाळाला हात लावला. पाच मिनिटं झाली, सात झाली. ज्ञानेश्वर खुर्चीतून उठून उभा होता आणि आपण उभे का आहोत हे त्याला माहीत नव्हतं. आता अमेय जाईल आत, असं त्याला वाटत होतं. मग पडद्याआडून आवाज आला, बारीक, लहान मुलाचा असावा तसा. 'काका, कोट निघत नाहीये.'

तो आत गेला. खोली एका माणसापुरती होती. वरुणने कोट तसाच ओढायचा प्रयत्न केला होता; डावी बाही कोपरात अडकली होती, टाचण्या शर्टात रुतल्या होत्या, आणि एक हात मागे वळून तिथेच राहिला होता. तो रडत होता. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, जसं कुणी बघणार नाही असं वाटून माणूस रडतो तसा. ज्ञानेश्वरने चष्मा नाकावर सरकवला आणि खांद्यापासून सुरुवात केली. एक टाचणी, दुसरी, तिसरी. काढलेल्या टाचण्या ठेवायला जागा नव्हती म्हणून तो त्या आपल्याच शर्टाच्या खिशाला टोचत गेला. बाही सुटली तेव्हा त्याच्या डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचेवर आलं होतं, त्यामुळे शेवटच्या दोन टाचण्या त्याने चाचपून काढल्या. 'चुकलं माझं,' तो म्हणाला. 'सकाळीच फोन करायला हवा होता. मला वाटलं, होईल पार.' वरुणने मान हलवली. माफ केल्यासारखी नव्हे, ऐकल्याची नुसती. कोट ज्ञानेश्वरच्या हातात आला, अजून गरम.

'मला तिच्याशी आत्ता नाही बोलायचं,' वरुण भिंतीकडे बघत म्हणाला. 'तुमच्याशीही नाही.'

'बरं,' म्हणून ज्ञानेश्वर पडद्याकडे वळला.

'पण तुम्ही जाऊ नका, काका.'

तिथे बसायला एक बुटकं स्टूल होतं, बूट घालताना टेकायचं. ज्ञानेश्वर त्यावर बसला. गुडघे वरुणच्या पायांना लागत होते. त्याने कोट मांडीवर नीट घडी करून ठेवला, आणि वरुणचं रडणं थांबेपर्यंत तिथेच बसून राहिला.